कमी भरलेली सुगडं

संक्रांतीला नऊ दिवस उरले होते आणि माझी सुगडं कमी भरली.

संक्रांतीला बायका पाच सुगडं पुजतात, म्हणून आम्ही कुंभार ती पाच-पाचच लावून ठेवतो. आदल्या दिवशी भट्टीतून काढून मी ती पडवीत लावली होती. सकाळी बघतो तर शेवटच्या ओळीत दोनच.

"तीन गेली," मी आईला म्हणालो.

"फुटली असतील."

"फुटली तर खापरं कुठं आहेत?"

आईनं काठी घेतली, पडवीत आली, खाली वाकून बघितलं. मग सरळ कुंपणाकडे तोंड करून म्हणाली, "कोंडिबाच्या शेळ्या."

"आई, शेळ्या मडकी खात नाहीत."

"त्याच्या खातात. माझं लुगडं खाल्लंय एकीनं, अर्धं."

कुंपणापलीकडून कोंडिबा म्हणाला, "म्हातारे, ते लुगडं इतकं जुनं होतं की शेळी आजारी पडली."

गजरा, म्हणजे माझी बायको, अंगणात माती तुडवत होती. एरवी या दोघांचं भांडण लागलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. त्या दिवशी ती मान खाली घालून तुडवत राहिली. मला वाटलं, दमली असेल. त्या हिवाळ्यात ती लवकर दमायची. आडावरून घागर आणताना मधे दोनदा टेकायची. आई म्हणायची, "सून आळशी झाली."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन सुगडं गेली. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की चोर धरायचाच. दुपारी जेवण झाल्यावर आई कलंडली, मुलगी शाळेत होती, गजरा भांडी घासायला बसली. मी बाजारात जातो म्हणून सांगितलं आणि मागून येऊन कडब्याच्या गंजीआड बसलो. मनात कोंडिबाची काळी शेळी होती.

थोड्या वेळानं गजरा आली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एक सुगड उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग उंबऱ्यावर आपटून त्याचे तुकडे केले आणि एक तोंडात टाकला. कडाकडा आवाज मला गंजीआड ऐकू येत होता. आमच्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. बायको मडकं खाताना मी पहिल्यांदाच बघितली.

मी बाहेर आलो. "काय करतेस?"

तिनं घास गिळला. "चव बघत होते. नीट भाजलंय का."

"मग? भाजलंय का?"

"एक आच कमी पडलीय."

आणि ती पळाली. पळून जाणार कुठं होती कोण जाणे, पण पळाली. सहा-सात पावलं गेली, डोक्याला हात लावला आणि मटकन खाली बसली. बसली ती सुगडांच्या ओळीवर. सहा तिनं खाल्ली, अकरा बसून फोडली.

आवाजानं आई उठून आली. कोंडिबा कुंपणावरून उडी टाकून आला. गजराचे ओठ पांढरे पडले होते आणि तिला धाप लागली होती. मी तिला पाणी पाजलं आणि काय बघितलं ते सांगितलं. कोंडिबाचा चेहरा एकदम उजळला.

"वहिनीला डोहाळे लागलेत! माझ्या बायकोनं चूल खाल्ली होती, थोरल्याच्या वेळी."

"गप बस," आई म्हणाली. "गेल्या आठवड्यातच बाजूला बसली होती ती."

हे बाजूला बसणं सांगायला हवं. आमच्या घरात तेव्हा अशी रीत होती की बाईनं तिच्या चार दिवसांत मातीला, चाकाला, भट्टीला हात लावायचा नाही. लावला तर भट्टी फुटते. आईला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि गजराला तिच्या आत्याबाईंनी, म्हणजे आईनं. गजरा ते चार दिवस पडवीच्या टोकाला धान्य निवडत बसायची आणि पाचव्या दिवशी न्हाऊन कामाला लागायची. आई तिचं एवढंच कौतुक करायची. "एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. म्हणून भट्टी फुटत नाही आपली." ते खरंही होतं. मागच्या तीन वर्षांत आमची भट्टी अशी निघत होती की पंचक्रोशीतले कुंभार बघायला यायचे. शंभरात दोन-चार नगसुद्धा तडकत नव्हते. मी भाव खाऊन घ्यायचो. म्हणायचो, हाताचं काम आहे.

संक्रांतीचा बाजार मी कसाबसा उरकला आणि गजराला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आई बरोबर आलीच. तिथं मुजावर मॅडम नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी गजराची नखं बघितली, जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून मला जवळ बोलावलं.

"काय रंग दिसतो?"

"पांढरा."

"इथं लाल हवा. तुम्ही भट्टीवाले, तुम्हाला कळायला पाहिजे होता."

मला लाज वाटली. मडक्याचा रंग मी दहा हातांवरून ओळखायचो.

बोटातून रक्त घेतलं, तास-दीड तास बसवलं. मग मॅडमनी कागद वाचला. "हिमोग्लोबिन साडेपाच. बाईला बारा तरी हवं. रक्तातल्या तांबड्या पेशी फार कमी झाल्यात. चालत आली कशी ही?"

"एसटीनं आलो," आई म्हणाली.

मी विचारलं, "कशानं कमी होतात?"

"बऱ्याच कारणांनी. एक तर अंगात तयारच होत नाहीत, कारण खाण्यात लोह नाही. किंवा तयार होऊन लवकर मोडतात. किंवा रक्त कुठून तरी बाहेर जातंय."

"म्हणजे माठात पाणी कमी का? तर भरलंच नाही, नाहीतर गळतंय."

"तसंच समजा. आता ते शोधायचं."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. जेवता काय? भाकरी, आमटी. जेवणावर चहा? आई म्हणाली, "हात सुकायच्या आत लागतो तिला." चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, मॅडम म्हणाल्या. माती तुडवताना पायात काय? काहीच नाही. मातीत काय कालवता? मी म्हणालो, घोड्याची लीद. त्यांनी कपाळाला हात लावला. घाण झालेल्या ओल्या मातीतून पायावाटे जंत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात, हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि माती खाणं बंद. अंगात लोह कमी झालं की काहींना मातीची, खडूची, बर्फाची अशी भूक लागते. आणि माती खाल्ली की उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही."

गजरा हळूच म्हणाली, "ओल्या मडक्याचा वास आला की राहवत नाही हो."

"घर कुंभाराचं," आई म्हणाली. "वास नाही येणार तर काय अत्तर येणार?"

शेवटी मॅडमनी विचारलं, "पाळी कशी येते?"

गजरानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग फरशीकडे. "येते. चार दिवस."

"घड्याळ लावून घ्या," आई म्हणाली.

मॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं आणि दीड महिन्यानं बोलावलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याहून खाली गेलं तर हृदयावर ताण येईल. सहज घेऊ नका."

त्या दीड महिन्यात आमच्या घरात जे चाललं ते बघायला कोंडिबा कुंपणावर कोपर टेकून उभाच असायचा. मी तालुक्याहून गमबूट आणले. ते घालून गजरा मातीत उतरली. पहिल्याच पावलाला बूट मातीत राहिला आणि पाय बाहेर आला. मग मी उतरलो, तर माझे दोन्ही राहिले. शेवटी तुडवायचं काम मीच घेतलं आणि गजराला मातीपासून लांब, चाकामागं रंगकामाला बसवलं. चहा जेवणानंतर तासानं द्यायचा, असं ठरलं. आई तो तास मोजायची आणि तिला घड्याळ कळत नव्हतं, त्यामुळे गजराला चहा संध्याकाळीच मिळायचा. भाजक्या मडक्यांच्या खोलीला आईनं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. रोज दिवेलागणीला ती सुनेला समोर उभी करायची.

"जीभ काढ."

गजरा जीभ काढायची.

"माती नाही," आई मला सांगायची. "पण लांब आहे."

पालेभाजी झाली, गूळ-शेंगदाणे झाले, लिंबू पिळून वरण झालं. गोळी एकही चुकवली नाही, कारण मी समोर बसायचो. मला वाटलं, आता बारा काय, पंधरा निघेल.

दीड महिन्यानं तपासलं, तर पाच पूर्णांक आठ.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "गोळ्या घेतल्या?"

"देवाशपथ," मी म्हणालो.

"माती?"

"किल्ली माझ्याकडं आहे," आई म्हणाली.

"मग एवढंच कसं वाढलं?" त्या थोडा वेळ गजराकडं बघत राहिल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर बसा."

आई म्हणाली, "मी बाई माणूस आहे."

"तुम्हीसुद्धा."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आईला राग आला होता. भिंतीवर बाळाला दूध कसं पाजावं त्याचं चित्र होतं, त्याच्याकडं बघून ती पुटपुटत होती. बराच वेळ गेला. आतून मॅडमचा आवाज एकदाच मोठा झाला, "तीन वर्षं?" मग पुन्हा काही ऐकू आलं नाही.

मग मला एकट्याला आत बोलावलं. गजरा खुर्चीवर बसली होती आणि तिचे डोळे ओले होते.

"तुमचा माठ गळतोय," मॅडम म्हणाल्या. "पाळी चार दिवस नाही. महिन्यातले सोळा-सतरा दिवस जातंय. गर्भाशयात गाठ आहे, मला हाताला लागली. तीन वर्षं हिनं कुणाला सांगितलं नाही. आता हिलाच विचारा का ते."

मी विचारलं. गजरा माझ्याकडं न बघता बोलली.

"सतरा दिवस बाजूला बसले असते, तर माती कुणी तुडवली असती? आत्याबाईंचे गुडघे गेलेत. तुम्ही एकटे. मग चार दिवस बसायची आणि बाकीचे तसेच काढायची. धुणं पहाटे उरकायची."

"आणि भट्टी?"

"पहिल्या भट्टीला मी फार भ्याले. उघडेपर्यंत घास गेला नाही. मनात म्हटलं, एक जरी नग तडकला तरी आत्याबाईंच्या पाया पडून सांगायचं." तिनं नाक पुसलं. "एकही तडकला नाही. दुसरीही चांगली निघाली. मग म्हटलं, देव काही बोलत नाही, तर मी कशाला बोलू?"

तीन वर्षं मी ज्या भट्ट्यांवर भाव खाल्ला, त्या प्रत्येक भट्टीतला प्रत्येक नग तिनं तशाच अंगानं उचलून रचला होता.

मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल, जिल्ह्याला. पण एवढ्या रक्तावर कुणी हात लावणार नाही. आधी बाटल्या चढवायला लागतील. घरी जाऊन विचार करत बसू नका. उशीर केला तर बाई जाईल."

बाहेर आलो. आईला सांगणं माझ्याच वाट्याला आलं. मी सांगितलं. तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग बोटं मोजायला लागली.

"गेल्या शिमग्याची भट्टी?"

"ती पण."

"नवरात्रातल्या घटांची?"

"ती पण, आई."

"आणि ती रांजणांची? बारा रांजणांची?"

"सगळ्या."

"त्यात तर केसाएवढी चीर नव्हती," आई म्हणाली.

ती उठली आणि विचारल्याशिवाय आत गेली. मीही मागं गेलो. वाटलं, आता काही तरी बोलेल. गजरा घाबरून उभी राहिली. आईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"मी तेरा वर्षांची आले या घरात," आई म्हणाली. "तेव्हापासून दर महिन्याला भट्टीच्या भीतीनं कोपऱ्यात बसले. आणि तरी भट्ट्या फुटल्याच की माझ्या." मग तिचा आवाज चढला. "आधी का नाही बोललीस, भवाने? माझं अख्खं आयुष्य ज्वारी निवडण्यात गेलं!"

मुजावर मॅडम हसायला लागल्या. गजरा रडता रडता हसायला लागली. आई कुणाकडं न बघता म्हणाली, "बरी होऊन ये. पुढच्या भट्टीला काडी तूच लावायची. कुठलाही दिवस असो."

रक्त मिळवायला दोन दिवस लागले. माझा गट जुळला नाही. माझी बाटली घेतली, पण ती दुसऱ्या कुणासाठी. मेहुण्याचा जुळला. आणखी एक हवी होती. कोंडिबा जिल्ह्याच्या दवाखान्यात आला, येताना शेळीचं दूध घेऊन. त्याचा जुळला. बाटली भरून झाल्यावर तो हात दुमडून आईसमोर येऊन उभा राहिला.

"म्हातारे, माझ्या शेळ्यांवर चोरीचा आळ घेतलास. आता तुझ्या सुनेच्या अंगात माझं रक्त फिरणार. उद्या ती माझ्यासारखी बोलायला लागली तर?"

"बोलू दे," आई म्हणाली. "फक्त लुगडी खाऊ नको म्हणावं."

त्या वर्षापासून कोंडिबा भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा. कधी चुकला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी गजराला दुसरी बाटली चालू होती. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. ओठांना थोडा रंग आला होता. ती म्हणाली, "एक मागू?"

"माग."

"मला एक माठ करून द्या."

"घरात माठ आहे की."

"तो तिरका आहे. त्याच्या आधीचा गळका होता. त्याच्या आधीच्याला कान नव्हता. बाजारात जो खपत नाही तो आपल्या घरात येतो. पंधरा वर्षं मी वाकड्या माठातलं पाणी पितेय. मला एक सरळ करून द्या. माझ्या नावाचा. विकायचा नाही."

"बरी हो. पहिला तोच करतो."

"बारा झालं की," ती म्हणाली. मॅडमचा आकडा तिच्या डोक्यात बसला होता.

ऑपरेशन नीट झालं. गाठ नारळाएवढी निघाली. त्यानंतर गोळ्या अंगी लागायला लागल्या. दर महिन्याला आम्ही तालुक्याला जायचो. आठ झालं, साडेनऊ झालं, अकरा झालं. मातीची भूक आपोआप गेली. एकदा आईनं मुद्दाम ओलं सुगड तिच्या नाकाशी धरलं, तर ती म्हणाली, "शी, लिदीचा वास येतोय." आईनं त्याच दिवशी कुलूप काढलं. दिवाळीच्या आधीच्या भट्टीला गजरानं काडी लावली. भट्टी बरी निघाली. थोडी फूट होती. आई म्हणाली, "काडीचा दोष नाही, माती नीट तुडवली नव्हती." ती मीच तुडवली होती.

बारा झालं ते पुढच्या माघात. मी त्याच आठवड्यात माठ केला. पोटाला गोल, गळ्याला आखूड, तळ सपाट, ठोकायच्या थापीचा एक घाव दिसणार नाही असा. भाजून निघाला तो तांबडा, ठणठणीत. मी बाजारातून येईपर्यंत गजरानं तो विकला होता. कुठली तरी लेकुरवाळी उन्हातान्हाची आली होती आणि तिला तोच आवडला.

"अगं, तुझा होता तो!"

"गिऱ्हाईक दारातून परत कसं पाठवायचं? दुसरा करा."

दुसरा केला. तो शाळेच्या बाईंनी नेला. तिसरा तिनं स्वतःच भाचीच्या लग्नात दिला. मग मी चिडवायचो, "यंदा कुणासाठी करू?" आणि ती म्हणायची, "माझ्यासाठी. पण घाई नाही." चोवीस वर्षं असंच चाललं. आई गेली, कोंडिबा गेला, मुलगी सासरी गेली. दर उन्हाळ्यात गजरा वाकड्या माठातलं पाणी पीत राहिली आणि मला दाखवून दाखवून प्यायची.

गेल्या कार्तिकात ती गेली. सकाळी अंगणात झाडत होती, बसली आणि संपली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "रक्त कमी होतं का?" त्यांनी जुना कागद बघितला. दोनच महिन्यांपूर्वी तपासलं होतं. बारा पूर्णांक दोन. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

आता भट्टी वर्षातून एकदाच लावतो. मुलगी म्हणते, पुरे करा. माघात मी तलावातून पोतंभर माती आणली, चाळली, भिजवली, तुडवली. पाय बुडवताना गमबूट आठवले. मग चाकावर बसायला झालं नाही आणि ती वाळली. चैत्रात पुन्हा भिजवली. ती अंगणात ओल्या पोत्याखाली आहे.

घरात पाणी अजून तिरक्या माठातच आहे. गजराचा माठ करायचा राहिला आहे.